गाडी आहे, पुस्तक नाहीं

आपल्या घरांतून कागद जपण्याची रीत मोठी विचित्र आहे. पणजोबांची जन्मपत्रिका, आजोबांच्या मुंजींतील आहेराची यादी, तीस वर्षांपूर्वींचीं वाण्याचीं बिलें, हें सारें बासनांत नीट बांधलेलें सांपडतें; आणि ज्या एका कागदावांचून काम अडावें, नेमका तोच सांपडत नाहीं. इंदापूरच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मागें असाच प्रसंग आला. तो येथें सविस्तर सांगतों. कारण वाचकांपैकीं अनेकांच्या पडवींतही अशी एखादी गाडी धूळ खात उभी असेल.

स्नेह्यांचे वडील शाळामास्तर होते. त्यांनीं १९८६ सालीं चेतक स्कूटर घेतली. आकुर्डीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या या गाडीसाठीं त्या काळीं आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. म्हणून ती दारांत आली त्या दिवशीं तिची यथासांग पूजा झाली व आळींत पेढे वांटले गेले. पुढें २००९ सालीं मास्तर निवर्तले आणि गाडी पडवींत उभी राहिली ती राहिलीच. आतां नात बारामतीस महाविद्यालयांत जाऊं लागली व "आजोबांची गाडी मीच चालवीन" म्हणून तिनें हट्ट धरला. मिस्त्रीनें दोन दिवस खटपट करून इंजिन चालूं केलें. पण नोंदणीचें पुस्तक, ज्यास सर्वजण आर. सी. बुक म्हणतात, तें कांहीं केल्या मिळेना. विम्याचा कागद नाहीं, कराची पावती नाहीं, नंबरपाटीवरचा रंगही उडालेला!

बाजारांतील एका गृहस्थानें सोपा उपाय सुचविला. मोडींत गेलेल्या दुसऱ्या एका चेतकचें पुस्तक त्याच्यापाशीं होतें. आपल्या गाडीचा चॅसिस नंबर घासून टाकावयाचा, त्या जागीं मेलेल्या गाडीचा ठोकावयाचा, कीं काम झालें! खर्च थोडा, हेलपाटे मुळींच नाहींत. आमचे स्नेही क्षणभर डळमळले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु या उपायाचा अर्थ काय, तें पाहावें. मास्तरांनीं घामाच्या पैशांनीं घेतलेली गाडी त्या एका ठोक्यासरशीं चोरीच्या मालासारखी झाली असती. उद्यां रस्त्यांत अपघात झाला, तर विम्याची कंपनी हात झटकून मोकळी, आणि पोलिसांपुढें उभी कोण? ती अठरा वर्षांची मुलगी!

इंदापूरकरांस तर हें सांगण्याची गरज नसावी. दक्षिणेंतील जमीन मोजून तिला नंबर देण्याचें काम इंग्रजी अमदानींत जेथें नीट मार्गास लागलें, तो तालुका इंदापूरच. प्रिंगल यांची आधींची पाहणी फसल्यावर १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं येथूनच नव्या पाहणीस आरंभ केला. शेताला नंबर आणि नंबरापुढें खातेदाराचें नांव, ही जोडी तेव्हांपासून आपल्या अंगवळणीं पडली आहे. खातेदार वारला कीं तलाठ्याकडे वारसाची नोंद होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नवें नांव चढतें. बाप गेला म्हणून आपल्या शेताचा नंबर पुसून शेजारच्या शेताचा कोणी लावीत नाहीं. गाडीचा न्यायही हाच आहे. पुस्तक हा नोंदीचा उतारा होय. उतारा हरवला म्हणून नोंद नष्ट होत नाहीं.

तेव्हां पहिलें काम नोंद शोधण्याचें. येथें धाकट्या चिरंजीवांच्या मुंजीचा फोटो कामास आला. बटूला पुढें उभा करून मास्तर स्कूटरवर ऐटींत बसले होते आणि पाटीवरील नंबर स्पष्ट दिसत होता. १९८९ पूर्वींची नोंद असल्यामुळें तो आजच्या एम. एच. मालिकेंतला नव्हता, 'एम'पासून सुरू होणारीं तीन अक्षरें व पुढें आंकडे, असा जुन्या धर्तीचा होता. आज इंदापूरचें काम बारामतीच्या कार्यालयांत होतें व तेथील गाड्यांवर एम. एच. ४२ असतें, पण १९८६ सालीं ही सोय नव्हती, नोंद पुण्यास झालेली. सबब तिचा शोध पुण्याच्या जुन्या नोंदवहींत घ्यावा लागला. इतकी जुनी नोंद पुष्कळदां संगणकावर चढलेलीच नसते. ती आधीं चढवून घ्यावी लागते. चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनें घांसून उठविलेला ठसा त्या नोंदीशीं तंतोतंत जुळला, आणि अर्धें काम तेथेंच झालें.

पुढची वाट नियमांनींच आंखून दिली आहे. पुस्तक गहाळ झाल्याची खबर प्रथम पोलिस ठाण्यांत द्यावी व केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नमुना २६ भरून दुसऱ्या प्रतीची मागणी करावी. मालक वारला असेल तर नमुना ३१ प्रमाणें वारसाच्या नांवें गाडी करून घ्यावी. त्यास मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमति लागते. लग्न होऊन सोलापुरास गेलेली बहीणही वारसच, हें विसरूं नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; मग गाडी प्रत्यक्ष दाखवून नमुना २५ वर ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. जुन्या गाडीस पर्यावरण कर निराळा, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या गाड्यांसही आतां नवी सुरक्षित नंबरपाटी आवश्यक झाली आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ सालीं स्वतंत्र नियम झाले. पण अशी गाडी मिरविण्यापुरती, रोजच्या वापराची नव्हे.

कागदविरहित गाडी दुसऱ्याकडून विकत घेतली असेल, तर मात्र दुसरी प्रत मागण्याचा हक्क आपणांस नाहीं. नोंदींतला मालक किंवा त्याचे वारस शोधून त्यांच्या सहीनें ती नांवावर करून घ्यावी. ते मिळत नसतील, तर स्वस्तांत मिळालेली ती गाडी मुळींच स्वस्त नव्हती असें समजावें.

आमच्या स्नेह्यांची खरी अडचण मात्र कचेरींत नव्हती, घरांत होती. संमतीच्या कागदावर सही करण्यास मातोश्री तयार होईनात. पंधरा दिवस कागद देव्हाऱ्यापाशीं तसाच पडून राहिला. आम्ही गेलों तेव्हां त्या म्हणाल्या, "घरपट्टीवरून त्यांचें नांव गेलें, बँकेंतून गेलें. ही एकच वस्तु त्यांच्या नांवाची उरली आहे. तीही पुसून टाकूं म्हणतां?"

यावर कायद्याचें उत्तर देणें सोपें होतें. आमच्यानें तें देववलें नाहीं. एवढेंच म्हणालों, "काकू, नांव पुसलें जात नाहीं. त्याच्या खालीं दुसरें लिहिलें जातें." त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण दुसरे दिवशीं सही झाली.

पुढें चार महिन्यांनीं नवें प्रमाणपत्र हातीं आलें. त्यावर मालकाच्या अनुक्रमाची एक जागा असते; तेथें २ हा आंकडा होता. काकूंनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला व विचारिलें, "म्हणजे एक नंबर हेच ना?" आम्ही होय म्हणालों.

असो. वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं घरांतील कर्तें माणूस गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढाल, तेव्हां एक प्रत गाडीसाठींही काढावी. नियमानें ही नांवबदलाची मुदत तीन महिन्यांचीच आहे. त्या दिवसांत हें काम निष्ठुरपणाचें वाटतें, हें आम्ही जाणतों. परंतु तेव्हां टाळलेलें काम पुढें एखाद्या नातीच्या वाट्यास येतें, आणि वाटेंत सोपा उपाय सांगणारे गृहस्थ उभेच असतात.