डिमेन्शियाच्या घरातला दुसरा रुग्ण

सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे हे कवच हृदयविकार, खुब्याचे हाड मोडणे अशा दुखण्यांत मोठा आधार ठरते. पण ते उघडते रुग्णालयात दाखल झाल्यावर. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा आजार मात्र घरातच आणि वर्षानुवर्षे चालतो. तिथे राबणाऱ्या माणसासाठी या योजनेत काही नाही.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशातील साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण जास्त आढळले.

आठवण जाते, एवढाच हा आजार नाही. एकच प्रश्न दिवसभर विचारला जातो. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, रात्री झोप नसते. आंघोळीला नकार, दार उघडून निघून जाणे, आणि सेवा करणाऱ्यावरच चोरीचा आळ! हे सारे झेलते ती बहुधा बायको, सून किंवा मुलगी. तिची झोप मोडते, नोकरी सुटते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या राहून जातात. अनेकींना नैराश्य येते. ती खचली की रुग्णाची काळजीही कोलमडते.

यावरचा उपाय फार खर्चिक नाही, हे आपल्या शेजारीच दिसले आहे. गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांचा एक शास्त्रीय अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन सहा महिने घरोघरी पाठवले गेले. आजार समजावणे, त्रासदायक वागणे कसे हाताळावे हे दाखवणे, सरकारी योजनांची माहिती देणे हे त्यांचे काम; गरज पडल्यास मदतीला मानसोपचारतज्ज्ञ. रुग्णाच्या वागण्यात मोठा फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि ओझे हलके वाटू लागले.

महाराष्ट्रात याची सुरुवात कुठून करता येईल? आशा कार्यकर्त्या घरोघरी भरतात त्या तपासणी फॉर्ममध्ये ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आहेच : जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का? उत्तर 'हो' आले, तर त्या घरात सांभाळते कोण आणि तिची प्रकृती कशी आहे, हेही विचारले गेले पाहिजे. मात्र आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यामुळे भेटींसाठी वेगळा, मानधन मिळणारा प्रशिक्षित कार्यकर्ता हवा. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस तरी रुग्णाला सोडता येईल असे दिवसाचे केंद्र हवे.

तोवर घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. रुग्णाशी वाद घालू नये. चुकीचे सिद्ध करण्यापेक्षा विषय बदलावा. दिनक्रम ठरलेला असावा. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. वागण्यात एकाएकी बिघाड झाला, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा दुखणे नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. झोपेची गोळी मनाने देऊ नये. भावंडांनी केवळ पैसे न पाठवता आठवड्यातला एखादा दिवस वाटून घ्यावा. मन थकले, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि डॉक्टरांनी रुग्णाची चिठ्ठी लिहून झाल्यावर सोबत आलेल्या व्यक्तीचाही रक्तदाब मोजावा, झोप लागते का विचारावे. त्याला दोन मिनिटे पुरतात.