खातेउताऱ्याची फाइल द्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. चालते जुने संगणक भंगारात घालण्यापेक्षा आपल्यापैकी काही करसल्लागारांनी त्यांवर लिनक्स टाकले. तेव्हापासून वाचक विचारतात, वैयक्तिक हिशोब कशात ठेवायचा? ग्नूकॅश, केमायमनी की होमबँक?

आधी बँकेचा उतारा उघडून पाहा, मग प्रोग्रॅम निवडा.

मागच्या आठवड्यात दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराचा उतारा आमच्याकडे आला. फाइल म्हणायला एक्सएलएस, आत टॅबने तोडलेला साधा मजकूर, वर नाव-पत्त्याच्या अठरा ओळी. लिब्रेऑफिसने ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलचे ४ मार्च केले आणि पीककर्जाचा भरणा थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसला! इम्पोर्ट करतानाच तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्या आणि सीएसव्ही करून ठेवा. ग्नूकॅशमध्ये वरच्या ओळी वगळून रकाने एकदा जुळवले की ती मांडणी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवता येते. होमबँकला सीएसव्ही त्याच्याच ठरलेल्या आठ रकान्यांत लागते. पगारदाराच्या घरखर्चाला ते पुरेल. पण ज्याची औषधे-मजुरी ऑक्टोबर छाटणीपासून सुरू होते, पैसा माल उतरल्यावर येतो आणि व्यापाऱ्याकडची येणी त्याहून पुढे रेंगाळतात, त्याचा ताळा द्विनोंदीशिवाय लागत नाही. त्याला ग्नूकॅशच द्या.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. २०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटरच्या वाटेने बँका, खातेदाराने संमती दिली की, त्याचे व्यवहार कर्ज देणाऱ्या संस्थेला ठरलेल्या साच्यात, संगणकाला थेट वाचता येतील असे पाठवतात. म्हणजे व्यवस्था तयार आहे. मग खुद्द खातेदार शाखेत गेला की त्याच्या हाती पासवर्डची पीडीएफ का? खाते त्याचे, पैसा त्याचा. शाखेत विचारले तर ‘सिस्टिममध्ये तसे नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि आपणही ते ऐकून परत येतो. पीडीएफ समोर ठेवून हाताने नोंदी मारणारी कार्यालये आजही नाशकात आहेत. हे थांबवा.

आपल्यातले बरेच जण नागरी सहकारी बँकांचे सभासद आहेत. सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा होतील. सभेआधी लेखी प्रश्न द्या: नीट सीएसव्ही उतारा कधीपासून मिळेल? आणि आपल्या बँकेच्या उताऱ्याचा नमुना, नाव व खातेक्रमांक खोडून, आमच्याकडे पाठवा. कोणत्या बँकेचा कोणता रकाना ग्नूकॅशमध्ये कुठे बसतो, ते आम्ही दर अंकात छापू.