कायदा आणि आपण : पोलीस दारात उभे राहिले तर?

एका मैत्रिणीचे पत्र समोर आहे. शेजारच्या घरातले दागिने नाहीसे झाले. त्याच दिवशी रात्री नऊच्या सुमाराला दोन हवालदार आले आणि ‘जरा चौकशीला चला’ म्हणून तिच्या जावेला घेऊन गेले. यजमान फिरतीवर, सासूबाईंनी रडून आकांत मांडलेला. जाऊ सकाळी परत आली, पण ही मैत्रीण विचारते, ‘ताई, त्या वेळी आम्ही काय करायला हवे होते?’

प्रश्न एकटीचा नाही. पोलीस दिसले की भल्याभल्यांचे हातपाय गळतात. म्हणून चार गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

सगळ्यात पहिल्यांदा शांतपणे विचारायचे, ‘ही चौकशी आहे की अटक?’ दोन्हींचे नियम वेगळे आहेत. नुसती माहिती हवी असेल, म्हणजे साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रीला पोलीस चौकीवर या असे फर्मावता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनीच घरी यायचे असते. संशय असेल, पण अटकेची जरूर नसेल, तर हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. ती मात्र बाजूला टाकू नये. ठरल्या वेळी, सोबत कोणाला तरी घेऊन जावे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अटक का जरूर आहे, ते अधिकाऱ्याला लिहून ठेवावे लागते.

आता अटकच असेल तर? १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’ आली आहे. बायकांचे जुने संरक्षण तिच्यात कायम आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. पुरुष पोलिसाने अटक करताना अंगाला हात लावायचा नाही. झडती स्त्रीनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. वैद्यकीय तपासणीही स्त्री डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायला हवी.

हे संरक्षण आपोआप मिळालेले नाही. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि १९८३ मध्ये निकाल दिला : स्त्रियांसाठी वेगळी कोठडी असावी, पहारा महिला शिपायांचा असावा आणि स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच व्हावी. एका पत्राने केवढे काम केले पाहा!

अटकेच्या वेळी एवढे लक्षात ठेवा :

१. अधिकाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचा. नाव, वेळ आणि कुठल्या पोलीस ठाण्यात नेत आहेत, ते घरातल्या कोणीतरी लगेच लिहून ठेवावे. वाण्याच्या यादीच्या पाठीवर का होईना!

२. अटकेचे कारण विचारा. ते आपल्याला कळणाऱ्या भाषेत लेखी मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

३. अटकेचा कागद जागेवर व्हावा लागतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. वाचून पाहिल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही.

४. आपण सांगू त्या नातेवाइकाला किंवा मैत्रिणीला अटकेची खबर देणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

५. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते. स्वतःवर गुन्हा ओढवून घेणारे उत्तर देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

६. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. मारहाण झाली असेल तर ती तिथे न घाबरता सांगावी.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, ही चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिची मिळकत किती, हे त्यासाठी पाहिले जात नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा.

हक्क सांगायचे म्हणजे हुज्जत घालायची नाही, हेही ध्यानात असू द्या. दार अडवणे, कागद फाडणे, हिसकाहिसकी करणे यांतून नवाच गुन्हा अंगावर येतो. आवाज न चढवता विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

जाता जाता एक सावधगिरी. हल्ली फोनवर गणवेशातला माणूस दिसतो आणि म्हणतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका, पैसे भरा.’ अशी अटक कायद्यात नाहीच. फोन खाली ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.

आजच एक काम करा. ओळखीच्या वकिलाचा, जवळच्या दोन नातलगांचा आणि वरचे दोन्ही क्रमांक एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोलकरणीलाही हे सारे समजावून सांगा, कारण घरात काही हरवले की पहिला संशय तिच्यावरच येतो आणि तिच्यासाठी धावणारे कोणी नसते.

जामिनाविषयी पुढच्या अंकात बोलू.