मूठभर प्लॅस्टिक

गाडीच्या गिअरचा नॉब तुटला तर तो स्वतः बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे (वाचतातच!). ज्या गाडीचे हप्ते आपण पाच-सात वर्षं भरतो, तिच्यातली एक तरी वस्तू आपल्या हाताने निघते आणि आपल्याच हाताने बसते, एवढं माहीत हवं म्हणून. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, "अरे, सर्व्हिस सेंटरला टाक ना, घरून गाडी घेऊन जातात." जात असतील. मी रत्नागिरीत राहतो.

इथे नॉब मरतो तो हवेमुळे. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यात हल्ली बऱ्याच नॉबवर रबरासारखा मऊ थर देतात. शोरूममध्ये हात लावला की कसं भारी वाटतं! हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत त्याचं हळूहळू विघटन होतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात चार-पाच पावसाळे गेले की नॉब काकवीत बुडवून काढल्यासारखा चिकट. माझा आधी चिकट झाला, मग तडकला, आणि एक दिवस पाचवा टाकताना वरची टोपी हातातच आली.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, नुसता नॉब येत नाही. खालच्या कव्हरसकट पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल. कोल्हापूरहून मागवतो, आठ-दहा दिवस धरा." म्हणजे तोवर उघड्या दांड्यावर गाडी चालवायची. ज्यांनी आंबा घाट उतरलाय त्यांना यातली गंमत कळेल. तिथे नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात, म्हणून दुसरा-तिसरा गिअर सतत टाकावा लागतो, आणि तळहातात लोखंडी खुंटी रुतत असेल तर माणूस नकळत गिअर बदलायचा टाळतो. तिथे खरा धोका आहे. शिवाय जोरात ब्रेक लागला तर तो दांडा कुणाकडे रोखलेला असेल, याचा विचारच नको.

तर आता काम. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक वर. आधी दांड्याभोवतीचं रेक्झिनचं कव्हर बघा. त्याची चौकट बहुतेक गाड्यांत नुसती खटक्यांवर बसलेली असते, बोटांनी कड उचलली की सुटते. कव्हर उलटं करून वर ओढलं की नॉबचा गळा दिसतो, आणि तिथे ते एखाद्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेलं असतं. ती सोडवायची. आता प्रश्न एकच: नॉब आट्यांवर बसलाय की दाबून? आट्यांचा असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, निघतो. खाली एखादा नट घट्ट केलेला असेल तर तो आधी सैल करायचा. दाबून बसवलेला असेल तर सरळ वर ओढायचा. ओढताना तोंड बाजूला ठेवा, कारण सुटतो तेव्हा एकदम सुटतो आणि थेट हनुवटीवर येतो. हट्टी असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिक थोडं सैलावतं.

नवीन नॉब घेताना जुना खिशात घेऊन जा. दांडा ८ मिमीचा असतो, १० चा असतो, १२ चाही असतो. जाडी जुळली तरी आट्यांमधलं अंतर जुळेलच असं नाही, १.२५ आणि १.५ मिमी नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन वेढे गेले आणि मग अडकायला लागला, की थांबा. माप चुकलंय. जोर लावलात तर नॉबबरोबर दांड्याचेही आटे जातील. बसवताना हातोडी तर अजिबात नको. तो धक्का खाली गिअरच्या केबलपर्यंत आणि तिथल्या छोट्या प्लॅस्टिकच्या बुशपर्यंत पोचतो, आणि मग शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं.

अजून एक, आणि हे दुकानदार सांगत नाही. नॉबवरचं गिअरचं चित्र तुमच्या गाडीचंच हवं. काही गाड्यांत रिव्हर्स डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी असतो, तर काहींत उजवीकडे खाली, पाचव्याच्या पुढ्यात. तुम्हाला पाठ असेल हो, पण उद्या गाडी मेव्हणा चालवेल तेव्हा तो चित्रावरच विश्वास ठेवणार. रिव्हर्ससाठी रिंग वर उचलावी लागत असेल तर तीही आधी नीट बघून घ्या. आणि नॉबवर बटण असेल, आतून वायर येत असेल, तर हा उद्योग करू नका. ब्रेक आणि एअरबॅगचं तर नावच काढू नका.

मला माझा नॉब मिळाला मारुती मंदिराजवळच्या एका गॅरेजात (हे आमच्या चौकाचं नाव आहे, मोटारीशी संबंध नाही). मिस्त्रींनी जुन्या नॉबचा डबा पुढ्यात ओतला आणि म्हणाले, "बघा, बसेल तो घ्या." बसवायचे पैसे घेतले नाहीत, कारण मी बसवून दिलाच नाही :-)

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की सगळेच असं करायला लागले तर त्या मिस्त्रींनी खायचं काय? मला हा आक्षेप उलटा वाटतो. त्यांचं पोट मारणारा मी नव्हे, ती सीलबंद असेंब्ली आहे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती, की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊच देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. पण त्या निकालात दंडापेक्षा महत्त्वाचं काही होतं: भाग आणि माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळाल्या पाहिजेत, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. मोबाईल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं आणि गाड्या, असे त्यात चार विभाग. उत्तम. पण मला गाडी दुरुस्त कशी करावी हे सांगणारं पान दिलं आणि तो भाग सुटा विकलाच नाही, तर त्या पानाचं मी काय करू?

आमच्या धंद्यात याला आम्ही बंडलिंग म्हणतो आणि ते करताना आम्हाला फार हुशार वाटतं. दहा गोष्टी एकत्र बांधायच्या, म्हणजे एक हवी असली तरी गिऱ्हाईक दहा घेतो. माणसाच्या मुठीत मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यालाही तेच लावायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

माझी मागणी अगदीच लहान आहे. नॉब सुटा विका, आणि त्याच्या बुडाशी आट्याचं माप कोरून द्या. '८ × १.२५' एवढंच. साचा एकदाच बदलावा लागेल.