झाकून ठेवलेली स्टॉर्म

हौसेने जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. "फारच कमी चाललीये हो!" हे लोक अभिमानाने कसं सांगतात, कोण जाणे.

सॅन स्टॉर्मच घ्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली दोन माणसांची हलकी गाडी, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. बॉडी फायबरग्लासची, गंजत नाही, म्हणून मालक निर्धास्त. पण बाप्पा, सायलेन्सर लोखंडीच ना! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. अकोल्याच्या उन्हात रबर कडक होतं. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर म्हाताराच. आणि आपण पैसे घालतो कशात? तर रंगात!

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, जागतिक विक्रम झाला. रविवारी पहाटे निदान मूर्तिजापूरपर्यंत तरी न्या की गाडी. तेवढंही जमणार नसेल तर घेऊ नका. चालवणाऱ्याला घेऊ द्या.

बघा, पटतंय का.