बल्ब नका बदलू, आधी अर्थिंग बघा

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लाइटचं लिहितोय. काही जणांना लागेल. लागू दे.

उसाचा सीझन सुरू झालाय. अंधार पडल्यावर रस्त्याला उभं राहा आणि दहा ट्रॅक्टर मोजा. दोन्ही हेडलाइट धड चालू असलेले किती? ट्रॉलीमागं लाल दिवा पेटलेले किती? टपावर एलईडी बार मात्र पाहिजेच, समोरच्याचे डोळे दिपवायला. गाण्याला करंट पोचतो, मागच्या दिव्याला पोचत नाही.

एका लाइटचा ट्रॅक्टर समोरच्याला मोटरसायकल वाटतो. त्यातून उजवी लाइट गेलेली असली तर तो तुमच्या डाव्या लाइटच्या अंदाजानं जवळून जातो, आणि मोठं चाक थेट त्याच्या अंगावर.

मी शहाणा म्हणून सांगत नाही. मागच्या सीझनला माझ्याच भरल्या ट्रॉलीमागं एक मोटरसायकलवाला ब्रेक मारून आडवा झाला. टाकीवर लहान पोर बसलेलं. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, लाइट तरी लावायची." अहो, लावलेलीच होती! बटण चालू होतं, मागं पेटत नव्हती. आणि त्या महिन्यात मी तीन बल्ब बदलले होते.

बल्बात दोष नव्हताच. ट्रॉलीला अर्थची वेगळी वायरच नव्हती. आपल्याकडं सर्रास हेच चालतं. प्लसची वायर सॉकेटमधून मागं न्यायची, आणि परतीचा करंट हुकाच्या पिनेतून, गंजातून, ग्रीसमधून ट्रॅक्टरच्या बॉडीला येईल असं धरून चालायचं. खड्ड्यात हूक हलला की दिवा गेला. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होते, एका बाजूचा इंडिकेटर लावला की बाकीचे दिवेपण लुकलुकतात. ही भुताटकी नाही. अर्थ मिळत नाही म्हणून करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतो.

तपासायला सोपं आहे. लाइट चालू ठेवा. एक लांब वायर बॅटरीच्या मायनसला जोडा (मायनसलाच!) आणि दुसरं टोक दिव्याच्या अर्थला टेकवा. दिवा लख्ख झाला तर दोष अर्थिंगचा. मल्टिमीटर असेल तर लाइट चालू असतानाच त्याच दोन जागांमधले व्होल्ट मोजा. 0.2 च्या आत असेल तर ठीक. एक-दीड व्होल्ट दाखवले तर तेवढे गंजात जळतायत. साध्या हॅलोजन बल्बला 12 च्या जागी 10.8 व्होल्ट मिळाले तर उजेड दहा टक्के नाही, जवळजवळ तीस टक्के उतरतो.

त्यात आपण त्याच ट्रॉलीतून युरिया, पोटॅश आणतो. सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढतं आणि तांब्यावर हिरवा थर धरतो. त्यावर काळी टेप गुंडाळणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पॉलिश पेपरनं घासा, थिंबल नीट दाबून बसवा, रंग खरवडून बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. आणि मागपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढा.

आता जुगाडवाल्यांबद्दल. उजेड कमी पडतो म्हणून 60/55 च्या जागी 100/90 चा बल्ब. 60 वॉटचे दोन बल्ब 10 अँपिअर ओढतात, 100 चे दोन जवळपास 17. मूळची वायर आणि बटण तेवढ्यासाठी नसतं, होल्डर वितळतो. त्यापेक्षा मूळचाच बल्ब ठेवून रिले लावा, अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीकडून फ्यूजमधून 30 ला, 87 वरून बल्बला. बटणावर फक्त 85-86 च्या कॉइलचा भार राहतो. आणि फ्यूज उडतो म्हणून त्याला सिगारेटची चांदी गुंडाळणाऱ्यांना तर हात जोडतो. कुठंतरी वायर घासलीय म्हणून तो उडतोय. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायरिंग पेटतं, आणि शेजारी डिझेलची टाकी असते.

"रात्रंदिवस खेपा, वायरिंग करायचं कधी?" असं ड्रायव्हर म्हणतात. गव्हाणीच्या नंबरात तासन् तास उभे असता ना, तेव्हा करा. मोबाइल बघून होतोच.

कारखान्यांनाही सांगणं आहे. रिफ्लेक्टर चिकटवून फोटो काढता, चांगलं आहे, रिफ्लेक्टर हवेतच. पण ते दुसऱ्याच्या उजेडावर चमकतात, आणि त्याचीही लाइट मंद असली तर? मागचा दिवा पेटत नसेल तर ट्रॉली काट्यावर घेऊ नका. एक दिवस रांग तुंबेल, शिव्या पडतील. दुसऱ्या दिवशी सगळ्या ट्रॉल्या पेटलेल्या येतील, माझ्यासकट.

माझ्या एका ट्रॉलीचं काम झालंय. दुसरीचं सॉकेट आणायचंय, तोवर ती दिवसाच निघते. खेप कमी होते, होऊ दे.