'तुम्ही बसा हो!' नावाचं औषध

साठी उलटलेल्या माणसाची कंबर धरली की घरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे गरम पाण्याची पिशवी बाहेर निघते. आणि दुसरी, त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं जातं. "तुम्ही बसा हो, आम्ही करतो की!" यात प्रेम शंभर टक्के असतं, त्याबद्दल वादच नाही. पण माझं स्पष्ट मत असं, की पिशवी ठीक आहे, हे दुसरं औषध मात्र दुखण्यापेक्षा महाग पडतं.

मी आता अडुसष्ट वर्षांची. माझी कंबर गेली सहा-सात वर्षं अधूनमधून बोलते, त्यामुळे डॉक्टरकीचा नसला तरी पेशंटगिरीचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे. शिवाय डोळ्यांसमोर ताईचं उदाहरण आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांपूर्वी तिच्या कमरेत उसण भरली. घरची माणसं गुणी, त्यांनी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पोळ्यांना बाई लागली, भाजी मुलगा आणू लागला, देवपूजा सुनेकडे गेली. उसण महिनाभरात गेली. बसणं मात्र राहिलं. आज तिला खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात लागतो, आणि जिना उतरून ती खाली गेली त्याला वर्ष होऊन गेलं. गंमत म्हणजे तिची कंबर आता दुखत नाही! पण मांड्यांत जोर उरलेला नाही आणि पडायची भीती मनात घर करून बसली आहे.

म्हणून हा लेखनप्रपंच.

पाठदुखी म्हणजे पडून राहणं, हा समज आपल्याकडेच होता असं नाही. डॉक्टर मंडळीही पूर्वी हेच सांगत. १९९५ साली फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हेलसिंकी शहराच्या नोकरीतली, कंबर नुकतीच धरलेली १८६ माणसं घेतली. काहींना दोन दिवस अंथरुणात पडायला सांगितलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि उरलेल्यांना सांगितलं की सोसेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यांत चांगली सुधारली ती ही तिसरी मंडळी. आता ती सगळी नोकरीच्या वयातली होती हे खरं. पण म्हातारपणी अंथरूण आणखीच महाग पडतं, कारण या वयात स्नायू आपसूकच कमी होत असतात. तरुण माणूस आठवडाभर झोपला तरी भराभर भरून काढतो. आपलं गेलेलं परत यायला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट त्या 'गॅप'ची. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं नाही असं मराठी घर मला दाखवा! खरं तर वयाबरोबर दोन मणक्यांमधली गादी सुकते, चपटी होते, म्हणजे गॅप वाढत नाही, उलट कमी होतो. पण शब्द असा काही जबरदस्त आहे की माणसाला वाटतं, आता वाकलो की पाठ दोन तुकड्यांत हातात येणार. २०१५ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात ३,११० माणसांचे एमआरआय वगैरे अहवाल होते, आणि या माणसांना पाठदुखी अजिबात नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये! म्हणजे पांढरे केस तशीच ही झीज. अहवालात ती लिहून आली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही, आणि खुर्चीला खिळून राहण्याचा तो हुकूम तर नाहीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वयस्कर माणसांचाही विचार आहे. व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांना त्यात जागा आहे. कमरेचे पट्टे आणि वजनं लावून ताणणं यांची मात्र सरसकट शिफारस नाही. आमच्या नातेवाइकांत कपाटागणिक एक पट्टा निघेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा अभ्यास आला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांपैकी ज्यांनी हळूहळू वाढवत नियमित चालणं ठेवलं, त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटात ११२. चालायला ना फी, ना पट्टा!

माझा स्वतःचा नेम साधा आहे. रोज अर्धा तास चालणं, जमत नसेल तेव्हा दहा-दहा मिनिटांचे तीन हप्ते. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ (सुरुवातीला दोनदाच जमायचं). अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून, मग हाताच्या रेट्याने उठणं. भरलेल्या एका बादलीऐवजी अर्ध्या दोन, आणि त्याही अंगालगत धरून. टीव्हीसमोर सलग अर्ध्या तासाच्या वर बूड टेकवायचं नाही, मालिका कितीही रंगात येवो. आणि दुखलं की पहिले दोन दिवस कामं कमी करायची, बंद नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणी माझं वाचून दुखणं अंगावर काढायचं. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघांमध्ये बधिरपणा आला, पायातलं बळ कमी होऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, हेही थांबण्याचे विषय नाहीत. आपल्या देशात मणक्याचा क्षयही होतो. बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर ठिसूळ होतात, तेव्हा साधंसं पडल्यावर किंवा नुसतं काही उचलल्यावर एकदम कळ आली तर मणका दबला असू शकतो. अशा हाडांना कुठला व्यायाम चालेल, हे विचारूनच ठरवायचं. आणि मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणं बंद! या वयात त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भोवतात.

हे सगळं तपासून झालं आणि काही गंभीर नाही असं कळलं, की पुढचा भाग घरच्यांच्या हातात असतो. माझे भाचे-पुतणे हे वाचतात, त्यांना सांगते. "पण मावशी, पडलीस तर?" ही तुमची भीती खोटी नाही. पण पाय जितके कमजोर होतील तितकी पडायची शक्यता वाढतेच. तेव्हा आमच्या हातातलं काम काढून घेऊ नका, त्या कामातला धोका काढून घ्या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. माळ्यावरचे डबे खाली आणा, म्हणजे आम्ही स्टुलावर चढणार नाही. सिलिंडर तुम्ही सरकवा, पण कणीक आम्हाला मळू द्या. भाजीला जाताना एकटं पाठवायचं नसेल तर सोबत चला, पण पिशवी घेऊन परस्पर जाऊ नका.

ताईच्या बाबतीतही अजून वेळ गेलेली नाही असं मला वाटतं. गेल्या महिन्यापासून फिजिओथेरपिस्ट बाई घरी येतात. परवा ती हात न धरता दोनदा उठली, असं भाच्याने फोनवर सांगितलं. दोनदा म्हणजे फार नाही, पण माझीही सुरुवात तिथूनच झाली होती. पुढचा टप्पा जिन्याचा आहे, आणि तो तिच्यासाठी कुणाला उतरून देता येणार नाही.

असो. सलग अर्ध्या तासाच्या वर बसले आहे. उठते.